समापनानंतर

मंडईच्या मागच्या गल्लीतल्या मस्तानीच्या दुकानात सोजरबाई हसताना दिसल्या आणि मी पेरूच्या हातगाडीमागे लपले. त्रेचाळीस वर्षांची बाई, खांद्याला ऑफिसची पर्स, हातात कोथिंबिरीची जुडी, आणि लपले. पेरूवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, ही बाई वजन करून घेणार नाही हे ओळखलं आणि तोंड फिरवलं. दुकानाच्या काचेआड माझा सगळा गट बसला होता. माझा गट म्हणजे कोथरूडच्या गावठाणातल्या साठी-सत्तरीच्या सात बायका, ज्यांना एकत्र आणण्याबद्दल विद्यापीठाने मला मार्क दिले होते. सोजरबाईंच्या हनुवटीवर आइस्क्रीम लागलं होतं आणि शेजारी बसलेल्या मेहरुनभाभी स्वतःच्या ओढणीच्या टोकाने ते पुसत होत्या. या दोघींच्या घरांची भिंत एक, आणि एका गटाराच्या पाण्यावरून दोघी अर्धं आयुष्य एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. पहिल्या बैठकीला त्या खुर्च्या फिरवून पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांना समोरासमोर बसवायला मला पूर्ण पावसाळा लागला होता, आणि आता एकीच्या तोंडाला दुसरीची ओढणी. मला आनंद व्हायला हवा होता. मला हेवा वाटला. सरळ, शाळकरी मुलीला वाटतो तसला हेवा, की मला न सांगता गेल्या.

आमचे हिंदुराव सर म्हणायचे, गट तुमच्यावाचून भरला की तुम्ही पास. गट तुमच्यासाठी भरत राहिला तर तुम्ही नुसत्या लाडक्या. सर कोल्हापूरकडचे, क्षेत्रकार्याचे म्हणजे वस्तीत जाऊन करायच्या कामाचे मार्गदर्शक, आवाज असा की त्यांनी हळू सांगितलेलं गुपितसुद्धा जिन्यापर्यंत ऐकू जायचं. त्यांच्या हिशेबाने त्या पेरूच्या गाडीमागे मी विशेष प्रावीण्यासह पास झाले होते. सात बायका माझ्यावाचून बसने मंडईत आल्या होत्या, माझ्यावाचून त्यांनी ऑर्डर दिली होती, माझ्यावाचून हसत होत्या, आणि बाजूच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी पिशव्या ठेवल्या होत्या. एवढं स्वच्छ यश फार कमी जणांच्या वाट्याला येतं. मी मान खाली घालून बस स्टॉपकडे निघाले. कोथिंबीर गाडीवरच राहिली.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. मिळते, एकट्या माणसाला जागा लवकर मिळते. डेक्कनपर्यंत मी त्या हसण्याचाच विचार करत होते. कशाला हसत असतील? माझ्या वेळी त्या हसायच्या, नाही असं नाही, पण हसताना एकदा माझ्याकडे बघून घ्यायच्या, वर्गात पोरी बाईंकडे बघतात तसं. आज कोणी कुणाकडे बघत नव्हतं. मग नेहमीप्रमाणे मन मागे मागे जात अगदी सुरुवातीपर्यंत गेलं, अर्जापर्यंत. बाबा गेले त्या वर्षी मी एका ट्युशन क्लासच्या ऑफिसात फीच्या खिडकीत बसत होते. तेराव्यानंतर नातेवाईक जो प्रश्न विचारतात तो सगळ्यांनी विचारला, आता तू काय करणार? उत्तराची वाट न बघता प्रत्येकाने एकेक सुचवून ठेवलं. मामींनी नर्मदा परिक्रमा सुचवली, शेजारच्या काकूंनी मांजर. मी समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीचा ऑनलाइन अर्ज भरला. का भरला हे तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं. वर्तमानपत्रात जाहिरात होती आणि त्यात वयाची अट नव्हती, हे खरं कारण असावं.

प्रवेश परीक्षेच्या केंद्रावर गेटवरच्या माणसाने मला अदबीने पालकांच्या मांडवात बसवलं. मी दहा-पंधरा मिनिटं बसलेही, कारण तिथे पंखा होता. मग उमेदवार म्हणून आत गेले तेव्हा त्याने माझं ओळखपत्र दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं. मुलाखतीला तिघं होते. हेच क्षेत्र का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वडिलांचं आजारपण मी नऊ वर्षं काढलं, त्या सेवेत मला माझं माणूसपण सापडलं, ते गेल्यावर घर रिकामं झालं, आता ती माया चार लोकांपर्यंत न्यावी असं वाटतं. वाक्यं चांगली जमली होती. मधल्या बाईंनी चष्मा काढून पुसला. घर रिकामं झालं, हे मी तेव्हा सगळ्यांनाच सांगायचे. लोकांना ते आवडायचं आणि पुढे काही विचारायचे नाहीत. मुलाखत घेणाऱ्यांना माणूस थोडा पोळलेला लागतो, जळलेला नको. यादीत माझं नाव वरच्या दहांत होतं.

वर्गात सगळी एकवीस-बावीसची मुलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ताई करून टाकलं. ताई म्हणणं म्हणजे आदराने दोन हात लांब ठेवणं. माझ्या नोट्स सगळ्यांना हव्या असायच्या, वाढदिवसाला केक यायचा, कुणाचं प्रेमप्रकरण बिनसलं की ती कँटीनमध्ये माझ्या शेजारी येऊन रडायची. पण सिंहगडाला जायचं ठरलं की म्हणायचे, ताई, तुम्हाला त्रास होईल. ग्रामीण शिबिरात माझ्याकडे आपसूक स्वयंपाकघर आलं. मी रागावले नाही, पोरं गोड होती. त्यांच्यातला राकेश तर मला रोज स्कूटरवरून नळ स्टॉपपर्यंत सोडायचा आणि वाटेत स्वतःच्या घरचं सगळं सांगायचा. दोन वर्षांत त्याने मला एकदाही विचारलं नाही की ताई, तुमच्या घरी कोण कोण असतं? विचारलं असतं तर मी टाळलंच असतं. तरी विचारायला हवं होतं.

आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य. दुसऱ्या वर्षी मला गावठाण मिळालं. मी राहते तिथून चालत दहा मिनिटं, पण तोवर मी कधी त्या गल्ल्यांत शिरले नव्हते. आमच्या सोसायटीच्या जागी पूर्वी सोजरबाईंचं ज्वारीचं रान होतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. रान गेलं, पैसा आला, पोरांनी वर चार मजले चढवले आणि म्हाताऱ्या खालच्या खोलीत टीव्हीसमोर बसल्या. अशा बायकांचा गट करायचा, आठवड्याला एक बैठक, मारुतीच्या देवळामागच्या समाजमंदिरात, मंगळवारी तीन वाजता. खुर्च्या गोल मांडायच्या. कार्यकर्तीने कमी बोलायचं. शांतता पसरली तर ती भरायची नाही, पसरू द्यायची, कोणीतरी बोलतंच. आणि स्वतःच्या घरचं तिथे काढायचं नाही, कारण ती बैठक तुमच्यासाठी नसते. हा शेवटचा नियम मला फार सोपा गेला. सोजरबाईंनी दुसऱ्याच मंगळवारी विचारलं होतं, लगीन का न्हाई केलंस गं? मी हसून म्हटलं, आज आपण तुमच्याविषयी बोलतोय. त्या म्हणाल्या, आमच्याविषयी काय बोलायचं, आमचं सगळ्या गावाला म्हाईत हाय. बायका हसल्या. मी ते हसणं अहवालात सहभाग वाढल्याची खूण म्हणून लिहिलं.

पण मंगळवार यायचा म्हणून मी सोमवारी साडीला इस्त्री करायचे, हे अहवालात लिहिलं नाही. गल्लीच्या तोंडाशी वळले की समाजमंदिराच्या पायरीवर कोणीतरी डोळ्यांवर हात धरून उभी असायची. आली गं, म्हणून आत वर्दी द्यायची. आपल्या येण्याची वर्दी दिली जाते, हे सुख मला पूर्वी ठाऊक नव्हतं. दार मी आयुष्यभर स्वतःच्या किल्लीने उघडत आले. त्या वर्षी मला वाट पाहिली जाण्याची सवय लागली, आणि चांगल्या सवयीसारखी ती सुटायला तयार नव्हती.

गटकार्याच्या पुस्तकात शेवटचं प्रकरण समापनाचं असतं. काम सुरू कसं करायचं याला सहा प्रकरणं, संपवायचं कसं याला एक. गटाला आधी सांगून ठेवायचं, त्यांचा राग, दुःख बोलतं करायचं, मग निघायचं आणि पुन्हा जायचं नाही. आपण पुन्हापुन्हा जात राहिलो तर गट आपल्यावर रेलून बसतो. मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. तीन बैठका आधी सांगितलं. राग बोलता करायला गेले तर मेहरुनभाभी म्हणाल्या, राग कसला, परीक्षा आहे तुमची, नीट पास व्हा. शेवटच्या मंगळवारी गेले तर त्यांनी पाट मांडला होता. मला बसवून हळदकुंकू लावलं, तांदूळ, नारळ, खण घालून ओटी भरली. खण मेहरुनभाभींनी आणला होता, हिरवा. सोजरबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. मी पदर सावरून बसले होते आणि मनातल्या मनात अहवालाचं वाक्य जुळवत होते, कारण ते जुळवलं नसतं तर मी तिथे हंबरडा फोडला असता. गटाने पारंपरिक पद्धतीने कृतज्ञता व्यक्त केली, असं मी लिहिलं. घरी येऊन मी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून बाहेर पडले, आणि हिरवा खण कपाटात ठेवला. सरांनी समापनाला दहापैकी नऊ दिले.

पदवीदान झालं. भाड्याचा झगा सगळ्यांनाच मोठा होत होता. प्रत्येकाभोवती आईबाप, आत्या, मावश्या. माझा फोटो कुणाच्या तरी वडिलांनी काढून दिला. त्यात मी नीट आले आहे, कोपऱ्यात त्यांचं बोटही आलं आहे. मग शिवाजीनगरला एका संस्थेत नोकरी लागली. दुसऱ्यांनी वस्त्यांमध्ये केलेल्या कामाचे अहवाल मी संगणकावर एकत्र करते. समाजकार्याची पदवी घेतल्यापासून माझा समाजाशी संबंध संपला, असं मी एकदा ऑफिसात म्हटलं तर सगळे हसले. विनोद चांगला होता. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघाल्यावर सोमवारी सकाळपर्यंत माझं बोलणं दूधवाल्याशी होतं, तेही पिशवी लटकवलेली असेल तर नाही. हे सांगण्यासारखं कुणी नव्हतं, आणि जिथे सांगता आलं असतं तिथे जाण्याची मला बंदी होती, तीही मीच शिकून घेतलेली.

मंडईच्या त्या प्रकारानंतर चार दिवसांनी अमावस्या होती. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोपऱ्यात एक शेंदूर फासलेला दगड आहे, सोजरबाईंच्या रानाचा म्हसोबा. बिल्डरने तो हलवायची हिंमत केली नाही, भोवती चौथरा बांधून दिला. वर कमिटीची पाटी आहे, नारळ घरून फोडून आणावा. दर अमावस्येला सोजरबाई दहीभात घेऊन येतात. समापनानंतर प्रत्येक अमावस्येला मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांना पाहत आले होते. त्या नैवेद्य ठेवायच्या, गुडघे धरून उठायच्या आणि निघून जायच्या. वर बघायच्या नाहीत. मी वाळत घातलेल्या चादरीमागे उभी असायचे. त्या दिवशी मात्र इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, मॅडम, आजी म्हणतायत खाली या.

मी चपला न घालताच गेले. सोजरबाई चौथऱ्यावर टेकल्या होत्या. वर्षभरात बारीक झाल्या होत्या, गॅलरीतून ते कळलं नव्हतं. मी समोर उभी राहिले तरी त्या दगडाकडेच पाहत होत्या.

"मंडईत दिसलीस," त्या म्हणाल्या. "पेरूच्या गाडीमागं. मेहरुन म्हनली हाक मारू का. मी म्हनलं नको, तिला यायचं नसंल."

मी सांगायचा प्रयत्न केला. काम संपलं की परत जायचं नसतं, आमच्यात तसा नियम असतो, नाहीतर माणसं अडून बसतात. बोलताना माझं मलाच ते सरकारी परिपत्रकासारखं वाटत होतं.

"आमचं काय अडलं न्हाई तुज्यावाचून," सोजरबाई म्हणाल्या. त्या चिरडीला आल्या होत्या. "दुसरी पोरगी येती आता, तनया. गुणाची हाय. पर लेक म्हनून वटी भरली हुती तुजी. लेक दिवाळीला येती का न्हाई म्हायेरी? करंज्या ठिवल्या तुज्या वाटणीच्या. वास मारायला लागला तवा टाकल्या."

पाट, खण, तांदूळ, तोंडावरून फिरवलेला हात, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि वर्षभर मी ते नऊ मार्कांचं समजत होते. मी संबंध संपवून आले होते आणि त्यांनी मला सासरी पाठवलं होतं. तिकडे त्या दिवाळीची वाट बघत बसल्या, इकडे मी चादरीमागे उभी. दोघी आपापल्या नियमाला धरून, आणि चूक म्हणावी तर कुणाचीच नाही, म्हणूनच ती कोणी दुरुस्त केली नाही. सोजरबाईंनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. ये म्हणाल्या नाहीत. गुडघे धरून उठल्या आणि गेटकडे चालू लागल्या. त्यांना धरावं असं फार वाटलं, पण मी चौथऱ्यापाशीच उभी राहिले.

रविवारी मी हिंदुराव सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, तुमची फाइल बंद झाली, आता तुम्ही कुठे जाता ते माझ्या मार्कांत बसत नाही. मी फोन ठेवणार तेवढ्यात पुढे म्हणाले, पण कार्यकर्ती म्हणून जाऊ नका, ती जागा आता दुसरीची आहे. कोण म्हणून जाणार ते दारात ठरवू नका, घरून ठरवून निघा. मी दोन दिवस ठरवत होते. पाहुणी म्हणून गेले तर चहा पाजतील आणि संपलं. आधीच्या मॅडम म्हणून गेले तर त्या तनयाला अवघडायला होईल. लेक म्हणून जाण्याइतका धीर माझ्याजवळ नव्हता. मुलगी असणं म्हणजे मला फक्त औषधांच्या वेळा माहीत. मंगळवारी अर्धी रजा टाकली, इस्त्रीची नसलेली साडी नेसले आणि काहीच न ठरवता निघाले. पायरीवर कोणी उभं नव्हतं. का असावं?

समाजमंदिरात खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. तनया म्हणजे केस मागे बांधलेली, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र अडकवलेली मुलगी. मी दारात दिसताच ती उठली, तिने नमस्कार केला आणि विचारलं, आपण? सात चेहरे माझ्याकडे वळले. एक शब्द पुरला असता. मी तुमच्या आधीची, एवढं म्हटलं असतं तर तिने मला स्वतःची खुर्ची दिली असती, मी बाजूला बसून कौतुकाने मान हलवली असती आणि पाच वाजता रिकामी घरी गेले असते. मी म्हटलं, "मी इथून जवळच एका सोसायटीत राहते. एकटीच असते. इथे बायका बसतात असं कळलं." सातांपैकी एकीनेही माझी ओळख दिली नाही. सोजरबाईंनी जमिनीकडे पाहिलं. मेहरुनभाभींनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली, भिंतीला लावलेली एक खुर्ची ओढली, आपल्या आणि सोजरबाईंच्या मध्ये घुसवली आणि सोजरबाईंना म्हणाल्या, सरका जरा.

मी बसले. आतून ते वर्तुळ फार लहान होतं. सगळ्यांचे गुडघे जवळजवळ एकमेकांना लागत होते, डोक्याला लावलेल्या तेलाचा आणि कुणाच्या तरी मलमाचा वास येत होता. मी वर्षभर तिथे बसले होते, पण मला तो वास कधी आला नव्हता. तनया म्हणाली, नवीन आलेल्यांनी लगेच बोललंच पाहिजे असं नाही, वाटलं तर बोला. मग ती गप्प बसली. तिला ते चांगलं जमत होतं. ही शांतता कशासाठी असते, ती किती वेळ ताणायची, कोण आधी मोडतं, सगळं मला ठाऊक होतं, आणि तरीही मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मला वाटलं सोजरबाई मोडतील, त्या कधीच दम धरत नसत. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

"घरी गेल्यावर," मी म्हटलं, "मला कोणी विचारत नाही, आलीस का म्हणून." एवढं बोलून मी थांबले. तनयाने मान हलवली, थोडं पुढे वाकून विचारलं, "असं कधीपासून वाटतं तुम्हाला?" प्रश्न मला तोंडपाठ होता. कुठल्या प्रकरणातला तेही माहीत होतं, मीही तो याच गोलात कितीदा विचारला होता. उत्तरही तयार होतं, बाबा गेल्यावर घर रिकामं झालं, मुलाखतीत जमलेलं, नातेवाइकांवर घासून गुळगुळीत केलेलं. ते जिभेवर आलंसुद्धा. सोजरबाईंचा खरखरीत दंड माझ्या दंडाला लागला होता आणि त्यांनी तो काढून घेतला नाही. मला दिसली ती जेवणाच्या टेबलाची लांब बाजू, पलीकडे बाबांचा पेपर, पेपरामागून येणारा आवाज, मीठ. पेपर खाली व्हायचा नाही. नऊ वर्षं आजारपणाची, आणि त्याआधीचीही सगळी.

"वडील होते तेव्हापासून," मी म्हटलं, आणि मग पुढचं सांगायला लागले.